जलतरणाचे पूर्वकर्म : अंग तापवावे ते आतून

पंचकर्मातील कोणत्याही प्रधानकर्मापूर्वी स्नेहन आणि स्वेदन ही पूर्वकर्मे करावी लागतात, हे वैद्यवर्गाला वेगळे सांगण्याचे कारण नाही. चरकाचार्यांनी स्वेदाध्यायात यासाठी वाळलेल्या लाकडाचा दृष्टांत दिला आहे. वाळके लाकूडसुद्धा युक्तीने स्नेह आणि स्वेद दिल्यास न मोडता वाकवता येते. मग जिवंत मनुष्यदेहाविषयी काय सांगावे, असा त्या दृष्टांताचा आशय आहे. हा दृष्टांत जलतरणाच्या सरावाला आणि स्पर्धेला कसा लागू पडतो, व तो लागू करताना वैद्य आणि औषधविक्रेते यांच्याकडून कोणती गल्लत होण्याचा संभव आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

परभणी जिल्ह्यात पोहणे शिकले गेले ते प्रामुख्याने विहिरीत आणि नदीत. पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा या तालुक्यांना गोदावरीचा काठ लाभला आहे. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचे धरण आहे. सेलूकडे दुधना आहे, आणि जायकवाडीचा डावा कालवाही जिल्ह्यातून जातो. कमरेला वाळलेला भोपळा, पांगाऱ्याचे लाकूड अथवा रिकामा डबा बांधून वडीलधाऱ्यांनी मुलाला विहिरीत सोडावे आणि चार दिवसांत तो हातपाय मारू लागावा, ही येथील जुनी रीत. आता शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत मुलेमुली उतरू लागली आहेत. त्यांचे पालक वैद्यांकडे येऊन विचारतात : पोहण्यापूर्वी कोणते तेल लावावे? सर्दी होऊ नये म्हणून एखादे उष्ण औषध द्यावे काय? खांदा भरून येतो, त्यावर काय चोळावे? यांपैकी निम्मे प्रश्न तर थेट औषधी दुकानाच्या गल्ल्यावरच विचारले जातात. त्यांची उत्तरे शास्त्राला धरून आणि निर्धोक असावीत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पाण्यातील व्यायामाचे वेगळेपण

तालमीत मल्ल आखाड्यात उतरण्यापूर्वी अंग मोकळे करतो. शालेय शारीरिक शिक्षणात यालाच उत्तेजक हालचाली म्हणतात, आणि मैदानावर ‘वॉर्म-अप’ हाच शब्द रूढ आहे. धावणे, कुस्ती, कबड्डी या सर्वांना त्याची गरज आहे. परंतु जलतरणात ती अधिक आहे. त्याची कारणे तीन.

पहिले कारण असे की, पाणी शरीराची उष्णता फार वेगाने काढून घेते. पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे २५ पट आहे. जागतिक जलतरण संघटनेच्या नियमानुसार स्पर्धेच्या तलावाचे पाणी २५ ते २८ अंश सेल्सिअस असावे लागते. हवेत हे तापमान सुखकर वाटते; पाण्यात मात्र तेच तापमान त्वचेच्या नेहमीच्या उष्णतेपेक्षा पाच ते आठ अंशांनी कमी असल्यामुळे स्थिर बसलेला मुलगा थोड्याच वेळात कुडकुडू लागतो. पोहणाऱ्याच्या स्नायूंना म्हणून दोन कामे एकदम करावी लागतात, शरीर पुढे ढकलणे आणि गमावलेली उष्णता भरून काढणे.

दुसरे कारण खांद्याचे. धावणाऱ्याचा भार कंबर, मांड्या आणि पोटऱ्या उचलतात. पोहणाऱ्याचा मुख्य भार अंससंधीवर येतो. हा शरीरातील सर्वांत मोकळा आणि म्हणूनच सर्वांत कमी बंदिस्त असा संधी आहे. दररोज काही किलोमीटर पोहणारा खेळाडू आठवड्यात हजारो वेळा हात डोक्यावरून फिरवतो. अंसफलकाभोवतीचे स्नायू जागे झालेले नसताना हे आवर्तन सुरू झाले तर बाहूच्या अस्थीचे शिर आणि त्यावरील अस्थिकमान यांमध्ये कंडरा चिमटू लागते. जलतरणपटूंमध्ये सर्वाधिक आढळणारी तक्रार हीच आहे. अवबाहुक समजून केवळ बाह्य तैलप्रयोगावर असे रुग्ण महिनोन्महिने ठेवले जातात. सरावाचा आरंभ कसा होतो, हे मात्र विचारले जात नाही.

तिसरे कारण वेळेचे. जलतरणातील अनेक शर्यती अत्यल्प काळाच्या असतात. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक ३७.३३ सेकंदांत मिळविले. १९६५ च्या युद्धात जायबंदी झालेल्या या सैनिकाने उपचाराचा भाग म्हणून पोहणे हाती घेतले होते. कोल्हापूरच्या वीरधवल खाडे यांनी २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचे कांस्यपदक मिळविले, तेव्हाची शर्यत २५ सेकंदांच्या आत संपली होती. दहा किलोमीटर धावणारा पहिल्या किलोमीटरमध्ये अंग तापवू शकतो. पंचवीस-तीस सेकंदांत संपणाऱ्या शर्यतीत अशी सवड नाही. शरीर तापलेले असेल तर ते उडी मारण्यापूर्वीच तापलेले असावे लागते.

शरीरात काय घडते?

अंग तापविल्याने स्नायूंचे तापमान वाढते, हा त्यातील गाभा. स्नायूचे तापमान एक अंश वाढल्यास त्याची शक्ती साधारण २ ते ५ टक्क्यांनी वाढते, असे व्यायामशास्त्रातील प्रयोगांतून दिसून आले आहे. उष्ण स्नायूत आकुंचनाची रासायनिक क्रिया जलद होते, नाडीसूत्रांतून संदेश लवकर पोहोचतो, रक्तातून प्राणवायू सहज सुटतो आणि स्नायूचा अंतर्गत चिवटपणा कमी होतो. सांध्यातील वंगणद्रव पातळ होऊन पसरतो. हृदयगती एकदम न वाढता पायरीपायरीने वाढते.

आपल्या परिभाषेत हेच मांडावयाचे तर, रात्रीच्या विश्रांतीनंतर आणि प्रातःकाळच्या कफकालात शरीरात असलेले स्तैमित्य व गौरव दूर होते, श्लेषक कफ आपले कर्म करू लागतो, व्यानवायूची गती अनुलोम होते आणि मांस, स्नायू व कंडरा यांत मार्दव येते. स्तंभ, गौरव आणि शीत यांचा नाश हे स्वेदाचे कर्म सर्व संहितांत सांगितले आहे. उभय शास्त्रांची भाषा वेगळी असली तरी निरीक्षण एकच आहे.

व्यायाम हाच अनग्निस्वेद

गल्लत होते ती येथून पुढे. पूर्वकर्म म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तैलद्रोणी आणि नाडीस्वेद उभे राहतात. मुलाला तेल चोळले, गरम पाण्याने शेकले, की पूर्वकर्म झाले, अशी समजूत होते. परंतु चरकाचार्यांनी त्याच स्वेदाध्यायात १३ साग्निस्वेदांनंतर अग्नीच्या साहाय्याविना होणारे १० स्वेद सांगितले आहेत : व्यायाम, उष्णसदन, गुरुप्रावरण, क्षुधा, बहुपान, भय, क्रोध, उपनाह, आहव आणि आतप. या यादीत व्यायामाला पहिले स्थान आहे. जलतरणपटूचे पूर्वकर्म म्हणजे हाच पहिला अनग्निस्वेद होय.

याला कारण आहे. बाहेरून दिलेली उष्णता प्रथम त्वचेला मिळते आणि पाण्याचा स्पर्श होताच तीच प्रथम हरवते. शिवाय त्वचेतील रक्तवाहिन्या विस्फारलेल्या असल्यामुळे उष्णता निघून जाण्याचा वेगही वाढतो. याउलट हालचालीने निर्माण होणारी उष्णता काम करणाऱ्या स्नायूच्या आत, खोलवर उत्पन्न होते आणि काही काळ तेथेच टिकते. शिवाय शेकाने स्नायू उष्ण होईलही, पण हात, धड, पाय आणि श्वास यांचा मेळ बसणार नाही. तो मेळ हालचालीनेच बसतो.

वरील यादी वाचताना आणखी तीन गोष्टी ध्यानात येतात. एक, गुरुप्रावरण म्हणजे जाड पांघरूण. व्यायामाने मिळविलेली उष्णता शर्यतीपर्यंत राखण्याचे हे साधन आहे. त्याचा उपयोग पुढे सांगितला आहे. दोन, भय हाही स्वेद आहे. शर्यतीच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलाच्या तळहातांना व कपाळाला घाम येतो, म्हणून त्याचे अंग तापले आहे असे समजू नये. हा घाम भयाचा असतो आणि स्नायू थंडच असतात. तीन, आतप हाही स्वेद आहे. मे महिन्यात काठावर उन्हात दोन तास बसलेला मुलगा तापलेला असतो, पण तो सिद्ध झालेला नसतो, थकलेला असतो.

शीतोष्णव्यत्यासाची शंका

येथे वैद्यबंधू एक रास्त शंका उपस्थित करतील. उष्णता आणि शैत्य यांचा अकस्मात पालट हे आपल्याकडे रोगांचे हेतू मानले गेले आहे. कुष्ठचिकित्सेच्या अध्यायात तर घर्म, श्रम आणि भय यांनी पीडित असताना त्वरेने शीत जलाचे सेवन करणे हा स्पष्ट निदानहेतू सांगितला आहे. मग अंग तापवून लगेच पाण्यात उतरावे, हा उपदेश शास्त्रविरुद्ध नव्हे काय?

शंकेचे उत्तर त्या वचनातील शब्दांतच आहे. तेथे घर्म आहे, म्हणजे उन्हाचा ताप, श्रम आहे, म्हणजे थकवा, भय आहे, आणि त्यावर द्रुत, म्हणजे घाई आहे. योग्य रीतीने केलेल्या पूर्वव्यायामात यांपैकी एकही नसते. तो सावलीत करावयाचा, थकवा येण्यापूर्वी थांबवावयाचा, आणि पाण्यात घाईने नव्हे तर क्रमाने उतरावयाचे. मर्यादा कोणती, याचे उत्तरही संहितेत आहे. व्यायाम अर्धशक्तीने करावा असे सांगून सुश्रुताचार्यांनी बलार्धाचे लक्षण दिले आहे : हृदयातील वायू मुखापर्यंत येणे, म्हणजे तोंडाने श्वास घ्यावा लागणे. पूर्वव्यायाम या लक्षणाच्या अलीकडेच थांबावा. ओळखण्याची सोपी खूण अशी की, मुलाला आपले नाव, गाव आणि शाळा हे एका दमात सहज सांगता आले पाहिजे. त्याला धाप लागली असेल तर पूर्वकर्माचे प्रधानकर्म झाले असे समजावे व पाण्यात उतरण्यापूर्वी त्याला थांबवावे.

घाईचा दोष आधुनिक शरीरक्रियाशास्त्रानेही दाखविला आहे. थंड पाण्यात एकाएकी उडी घेतली असता पहिल्याच क्षणी अनैच्छिकपणे मोठा श्वास आत ओढला जातो, त्यानंतर श्वास अतिशय जलद होतो, रक्तदाब व नाडीगती वाढते. २५ अंशांखालच्या पाण्यात ही प्रतिक्रिया दिसू लागते आणि १५ अंशांच्या आसपास ती अतितीव्र होते. पहिल्या अर्ध्या मिनिटात तिचा जोर सर्वाधिक असतो आणि दोनतीन मिनिटांत ती ओसरते. तो पहिला श्वास पाण्याखाली घेतला गेला तर चांगला पोहणाराही बुडू शकतो. जमिनीवर अंग तापविल्याने ही प्रतिक्रिया टळत नाही, हे नीट ध्यानात ठेवावे. ती टाळण्याचा उपाय एकच : प्रथम अंगावर पाणी घेणे, मग पाय, कंबर, छाती या क्रमाने उतरणे, तोंड व मान ओली करणे आणि श्वास संथ होईपर्यंत काठ न सोडणे.

आपल्या जिल्ह्यातील ऋतू

परभणीचे हवामान टोकाचे आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान एक अंकी आकड्यापर्यंत उतरते, तर एप्रिल-मे महिन्यांत दुपारचा पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. जमिनीत खोलवरचे तापमान मात्र वर्षभर फारसे बदलत नाही. म्हणूनच विहिरीचे पाणी हिवाळ्यात कोमट आणि उन्हाळ्यात गार लागते. उघड्या तलावाचे व धरणाच्या फुगवट्याचे पाणी मात्र हवेच्या मागोमाग तापते आणि निवते. यावरून पूर्वकर्माची योजना ऋतूनुसार बदलावी लागते.

हेमंत व शिशिरात अर्धशक्ती व्यायामाची अनुज्ञा आहे, आणि या काळात पूर्वव्यायाम दीर्घ, म्हणजे १५ ते २० मिनिटांचा असावा. विहिरीतील मुलाला पाण्यात बरे वाटते, पण बाहेर आल्यावर ओल्या अंगाला वारा लागून तो गारठतो. त्याच्यासाठी कोरडा पंचा आणि उबदार कपडा काठावरच हवा. ग्रीष्मात व्यायाम अल्पच सांगितला आहे. तेव्हा ८ ते १० मिनिटे सावलीतील हालचाली पुरेत. या ऋतूतील खरा धोका वेगळाच आहे. सुटीत मुले भर दुपारी रानातून धावत येतात आणि तशीच विहिरीत किंवा कालव्यात उडी घेतात. वर सांगितलेले घर्म, श्रम आणि द्रुत हे तिन्ही हेतू येथे एकत्र येतात. अशा मुलाला अंग तापविण्याची गरज नसून निवविण्याची असते. सावलीत पंधरावीस मिनिटे बसणे, घोट घोट पाणी पिणे, अंगावर पाणी शिंपडणे आणि मगच उतरणे, हे त्याचे पूर्वकर्म. वर्षा ऋतूत नदीच्या वाहत्या पाण्यात सराव करूच नये. बाहुबळावर नदी तरून जाऊ नये, हा अष्टांगहृदयातील सद्‌वृत्ताचा उपदेश पुराच्या गोदावरीला आजही लागू आहे.

पूर्वकर्माचा क्रम

सरावापूर्वी आणि स्पर्धेपूर्वी पाळावयाचा क्रम पुढीलप्रमाणे सुचविता येईल.

१. मल-मूत्रवेग विसर्जन करून, पूर्ण जेवणानंतर किमान दोन ते तीन तासांनी आरंभ करावा. भुक्तवान आणि अजीर्णी यांना व्यायाम निषिद्ध आहे. पहाटेच्या सरावापूर्वी अगदीच रिकाम्या पोटी जाण्यापेक्षा एखादे केळे किंवा चारपाच खजूर घेणे हितावह.

२. जमिनीवर प्रथम तीनचार मिनिटे जलद चालणे, जागीच संथ धावणे किंवा दोरीवरच्या उड्या माराव्यात. पोहण्याचा काठ ओला असतो. हा भाग कोरड्या जागी करावा.

३. मग संधींच्या हालचाली कराव्यात : मान, खांदे, कोपर, मनगट, कंबर, गुडघे आणि घोटे. खांद्यांना सर्वाधिक वेळ द्यावा. हात आधी लहान वर्तुळात, मग मोठ्या वर्तुळात, पुढून मागे आणि मागून पुढे फिरवावेत. भिंतीला हात टेकून अंसफलक मागे ओढण्याची व सोडण्याची क्रिया दहाबारा वेळा करावी. ब्रेस्टस्ट्रोक पोहणाऱ्याने कंबर आणि गुडघे यांकडे विशेष लक्ष द्यावे.

४. एकाच स्थितीत मिनिटभर किंवा अधिक वेळ ताणून धरण्याचे प्रकार शर्यतीपूर्वी टाळावेत. अशा दीर्घ ताणाने स्नायूची शक्ती काही काळ घटते, असे आढळले आहे. स्थिर आसने सरावानंतर करावीत. आधी गतियुक्त हालचाली असाव्यात.

५. अंगावर पाणी घेऊन तलावात क्रमाने उतरावे. नवशिक्या मुलांनी २०० ते ४०० मीटर संथ पोहावे. नियमित स्पर्धकांनी ८०० ते १५०० मीटरपर्यंत पोहण्याचा प्रघात आहे. त्यात केवळ पायांचे, केवळ हातांचे आणि पूर्ण पोहणे असे भाग असावेत. शेवटी १५ ते २५ मीटरच्या दोनचार वेगवान फेऱ्या आणि एकदोन सूर मारावेत, म्हणजे शर्यतीची गती शरीराला ओळखीची होते.

६. शर्यत आणि पूर्वव्यायाम यांतील अंतर १० ते २० मिनिटांचे असावे. २०० मीटर पोहण्यावर केलेल्या आणि २००७ व २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांत, ४५ मिनिटे थांबलेल्या खेळाडूंपेक्षा १० अथवा २० मिनिटेच थांबलेल्यांची वेळ चांगली आली. आपल्याकडील स्पर्धांत पुकारा होईपर्यंत मुले ओल्या पोशाखात तास-तासभर बसून असतात, आणि सकाळी तापविलेले अंग दुपारच्या शर्यतीला मुळीच उपयोगी पडत नाही. अंग कोरडे करून कोरडा कपडा, त्यावर स्वेटर किंवा चादर, पायात मोजे, ही गुरुप्रावरणाची योजना करावी; आणि पुकाऱ्याच्या सुमारास खांदे फिरविणे व जागीच उड्या मारणे पाचसात मिनिटे पुन्हा करावे. सरावासाठी वेगळा तलाव नसेल तेथे हा जमिनीवरील भागच पूर्वकर्म ठरतो.

अष्टांगहृदयात वातपित्तविकारी, बाल, वृद्ध आणि अजीर्णी यांना व्यायाम वर्ज्य सांगितला आहे. त्याचा अर्थ मुलांनी हालचाल करू नये असा नसून, मोठ्यांची मात्रा त्यांना देऊ नये असा घ्यावा. दहा वर्षांच्या मुलाचा पूर्वव्यायाम खेळासारखा असावा.

श्वासाविषयी एक गंभीर सूचना

अलीकडे योगाभ्यासाच्या प्रसाराबरोबर एक घातक प्रथा दिसू लागली आहे. पाण्याखाली अधिक वेळ राहता यावे म्हणून उडी घेण्यापूर्वी कपालभाती, भस्त्रिका अथवा जलद दीर्घश्वसन केले जाते. त्याने शरीरात प्राणवायूचा साठा वाढतो अशी समजूत आहे. वस्तुतः रक्तातील प्राणवायू आधीच जवळजवळ पूर्ण प्रमाणात असतो. जलद श्वसनाने तो फारसा वाढत नाही. कमी होतो तो कार्बन डायऑक्साइड. श्वास घेण्याची तीव्र इच्छा या वायूच्या वाढीमुळे होते. तो कमी झाल्याने इच्छा उशिरा होते आणि तत्पूर्वीच प्राणवायू घटून पाण्याखाली, कोणतीही पूर्वसूचना न मिळता, बेशुद्धी येते. उथळ आणि स्वच्छ तलावातही असे मृत्यू झाले आहेत, व ते बहुधा चांगल्या पोहणाऱ्यांचे असतात. प्राणायाम शिकविणाऱ्या प्रत्येक वैद्याने आपल्या विद्यार्थ्यांना हे स्पष्ट शब्दांत सांगावे. काठावरचा श्वास नाकाने, संथ आणि स्वाभाविक असावा. कपालभातीसाठी दिवसातील दुसरी वेळ आहे.

औषधविक्रेत्यांनी ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

अभ्यंग हा दिनचर्येचा भाग आहे आणि पोहणाऱ्यांना तो हितकरच आहे. प्रश्न वेळेचा आहे. तलावात उतरण्यापूर्वी तेल लावल्यास पाणी दूषित होते, काठावर आणि उडीच्या चौथऱ्यावर पाय घसरतो. म्हणून बहुतेक तलावांवर त्याला मनाई असते. इंग्लिश खाडीसारख्या सागरी मोहिमांत पोहणारे अंगाला स्निग्ध लेप लावतात, असा दाखला दिला जातो. परंतु त्याचा मुख्य उपयोग काख, मान आणि जांघ येथील त्वचा घासली जाऊ नये हा असतो. त्याने शरीर उष्ण राहत नाही. पोहणाऱ्या मुलाला तिळाचे तेल अथवा वैद्याने योजलेले वातघ्न तेल द्यावयाचे ते सरावानंतर, किंवा रात्री झोपण्यापूर्वी.

गंधपुरा तेल, कापूर, पुदिन्याचे सत्त्व यांनी युक्त मलमे उष्णतेची किंवा गारव्याची जाणीव देतात. ही जाणीव त्वचेपुरती असते. स्नायू तापलेला नसताना तो तापल्याचा भास होणे, हाच त्यातील धोका. गंधपुऱ्यातील मिथाइल सॅलिसिलेट हे द्रव्य त्वचेतून शोषले जाते; व्यायामाने तापलेल्या, मोठ्या भागावर लावलेल्या आणि वारंवार लावलेल्या मलमातून ते अधिक शोषले जाते. २००७ साली न्यूयॉर्क येथील एका १७ वर्षांच्या धावपटू मुलीचा मृत्यू अशा मलमांच्या अतिवापरातून झालेल्या विषबाधेने झाल्याचे तेथील वैद्यकीय तपासणीत निष्पन्न झाले होते. ‘चोळले तर बिघडते काय’ असे म्हणून शाळकरी मुलाच्या हाती तीन प्रकारची मलमे देणाऱ्याने हे उदाहरण विसरू नये.

पोटात घेण्याच्या औषधांविषयी अधिकच सावध असावे. शरीरात ऊब आणि उत्साह यावा म्हणून स्पर्धेच्या आधी उत्तेजक कल्प मागितले जातात. कुचल्यातील स्ट्रिक्नीन हे द्रव्य जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत स्पर्धाकाळात निषिद्ध आहे. शोधनाने त्याचे प्रमाण घटते, पण ते नाहीसे होत नाही. विषतिंदुक वटी, अग्नितुंडी वटी यांसारखे आपल्या नित्य व्यवहारातील कल्प म्हणूनच स्पर्धकाला देऊ नयेत. सोम या नावाने विकल्या जाणाऱ्या वनस्पतीत एफेड्रीन असते. मूत्रात त्याचे प्रमाण प्रति मिलिलिटर १० मायक्रोग्रॅमहून अधिक आढळल्यास स्पर्धक दोषी ठरतो. ‘औषध आयुर्वेदिक होते’ हा बचाव राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेपुढे, म्हणजे नाडापुढे, चालत नाही. शरीरात काय गेले याची जबाबदारी खेळाडूचीच मानली जाते. निषिद्ध द्रव्यांची यादी दरवर्षी सुधारली जाते. यासाठी दुकानदाराने ‘स्पर्धेत भाग घेणार काय?’ एवढा एक प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी, आणि उत्तर होकारार्थी आल्यास घटकांचा पूर्ण उल्लेख नसलेले कोणतेही औषध देऊ नये.

परीक्षण आणि पश्चात्कर्म

पोहण्याचा सराव सुरू करण्यापूर्वी वैद्याने मुलाचे परीक्षण करावे. अपस्माराच्या रुग्णाचे जल, अग्नी, वृक्ष आणि पर्वत यांपासून सदैव रक्षण करावे, असे चरकाचार्यांनी सांगितले आहे. झटके येणाऱ्या मुलाने तज्ज्ञाच्या अनुमतीवाचून आणि सतत लक्ष ठेवणाऱ्या माणसावाचून पाण्यात उतरू नये. तमकश्वासाच्या रुग्णाला पोहणे अनेकदा मानवते, परंतु त्याला पूर्वव्यायामाची गरज इतरांहून अधिक असते. थोड्या थोड्या अंतराने केलेल्या लहान जलद हालचालींनंतर काही काळ श्वासवाहिन्यांचे व्यायामजन्य आकुंचन कमी होते. त्याचे नेहमीचे श्वासाचे औषध काठावर असलेच पाहिजे. व्यायामात छातीत दुखणे, भोवळ येऊन पडणे, अथवा कुटुंबात तरुण वयात आकस्मिक मृत्यूचा इतिहास असल्यास हृदयाची तपासणी झाल्याखेरीज परवानगी देऊ नये. ज्वर, अतिसार आणि कर्णस्राव असताना पाणी वर्ज्य.

शर्यत संपली की काम संपले असे नाही. २०० ते ३०० मीटर संथ पोहून श्वास व नाडी खाली आणावी, अंग त्वरित कोरडे करावे, ऊबदार कपडे घालावेत, मग काही स्थिर ताण आणि सावकाश जेवण. व्यायामानंतर सर्वांगाचे सुखकर मर्दन करावे, हा सुश्रुताचार्यांचा उपदेश येथे अक्षरशः उपयोगी पडतो. तेलाची बाटली पालकांच्या हाती द्यावयाची ती या वेळेसाठी.

खांदा दुखतो म्हणून येणाऱ्या पोहणाऱ्या मुलाला यापुढे तीन प्रश्न विचारावेत : पाण्यात उतरण्यापूर्वी काय करतोस, किती वेळ करतोस, आणि त्यानंतर किती वेळाने पोहतोस? या तीन उत्तरांतच बहुतेक वेळा निदान सापडेल आणि औषधाचा खर्चही वाचेल. जिल्ह्यातील शाळांचे क्रीडाशिक्षक, पालक आणि तलावावरील जीवरक्षक यांच्यापर्यंत ही माहिती पोहोचविण्याचे काम वैद्यबंधूंनी आणि औषधविक्रेत्यांनी आपापल्या गावी हाती घ्यावे. परीक्षा संपून मुले विहिरींकडे व तलावांकडे वळण्याच्या आत ते व्हावे, ही विनंती.